नऊ दारं आणि सहाशे पन्नास येन

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आपल्या मंडळाचे ज्येष्ठ सभासद माननीय बाळासाहेब इनामदार. व्यासपीठावर बसलेल्या, आणि मघापासून आपली खुर्ची दुसऱ्या कुणाला तरी देऊ पाहणाऱ्या सत्कारमूर्ती सुचेताताई राजवाडे. त्यांचे यजमान हेमचंद्रकाका. आजचे विशेष पाहुणे ओगाता-सान. त्यांच्या शेजारी बसून हे सगळं जपानीत त्यांच्या कानी घालणाऱ्या विद्याताई. पहिल्या रांगेत चाकाच्या खुर्चीवर बसलेल्या सुगावारा-सान. आणि रविवारची दुपार मोडून ओजिमाहून, फुनाबोरीहून, काही तर थेट योकोहामाहून आलेल्या माझ्या बंधुभगिनींनो, आपणा सर्वांना माझा नमस्कार.

बाळासाहेबांचा काल मला फोन आला. म्हणाले, "कश्मिरा, पाच मिनिटं बोल. आणि हे बघ, आकडे नकोत." मी म्हटलं, "काका, पाच हासुद्धा आकडाच आहे." मग म्हणाले, "बरं, सात घे."

मी भाषण लिहून आणलं आहे. उत्स्फूर्त बोलणं मला जमत नाही, आणि जमत नाही ते व्यासपीठावर करून पाहू नये असं माझं मत आहे. तेव्हा मी कागदाकडे पाहत राहिले तर तो आपला अनादर समजू नये.

माझ्या आधीच्या वक्त्यांनी, आता कायमच्या पुण्याला परत निघालेल्या सुचेताताईंच्या एकोणीस वर्षांच्या टोकियोतल्या वास्तव्याबद्दल सांगितलं. त्यांचा शनिवारचा मराठीचा वर्ग, गणपतीचे एकशे एक मोदक, नव्याने आलेल्या मुलींना कुठल्या वारी कुठला कचरा बाहेर ठेवायचा ते शिकवणं. हे सगळं खरं आहे. पण मी ज्या कामाबद्दल बोलणार आहे, त्याचा उल्लेख अजून कुणी केला नाही. सुचेताताई सहा वर्षं आपल्या वॉर्डाच्या एका समितीवर रहिवाशांच्या प्रतिनिधी आहेत. मंडळातल्या अनेकांना ती समिती म्हणजे बसच्या पासाचं काहीतरी वाटतं. मध्यंतरी एक गृहस्थ मला म्हणाले, "सुचेताताईंना सांग ना, टॅक्सीचं भाडं जरा कमी करा म्हणावं!"

म्हणून आधी एक खुलासा. टॅक्सीचं भाडं वॉर्ड ठरवत नाही. ते सरकारचं वाहतूक खातं एका मोठ्या विभागासाठी ठरवतं, कंपन्यांनी मागणी केल्यावर, पुष्कळ तपासणी करून. वॉर्डाची समिती ठरवते ती एक छोटी गोष्ट. ज्यांना बसमध्ये चढता येत नाही आणि टॅक्सी परवडत नाही किंवा मिळत नाही, अशा माणसांना एखादी संस्था आपल्या गाड्यांतून नेणार असेल, तर त्या गाड्यांची खरंच गरज आहे का आणि त्यांनी किती पैसे घ्यावेत. ते भाडं टॅक्सीच्या साधारण निम्म्यावर असावं असा संकेत आहे. समितीत नऊ जण असतात: अध्यक्ष म्हणून एक प्राध्यापक, वॉर्डाचे अधिकारी, टॅक्सीमालक, टॅक्सीचालकांची संघटना, दवाखाना, रहिवासी. नोंदणीचं शुल्क ही सोपी बाजू. पंधरा हजार येन एकदा भरले की झालं. अवघड बाजू म्हणजे या नऊ जणांचा होकार. तो मिळाला नाही तर गाडी हलत नाही.

माझं शिक्षण वाहतूक अभियांत्रिकीचं. माणसं कुठून कुठे जातात, का जातात आणि का जात नाहीत, हे मोजणं माझं काम. यातला तिसरा भाग सर्वांत कठीण असतो, कारण जो माणूस गेलाच नाही, तो कुठल्याच मोजणीत येत नाही. आज मी अशाच एका माणसाबद्दल बोलणार आहे, आणि ते माणूस पहिल्या रांगेत बसलं आहे.

सुगावारा-सान ओजिमाच्या आमच्या इमारतीत अकराव्या मजल्यावर राहतात. सुचेताताई नवव्या, मी चौथ्या. पुढची हकिकत माझी ऐकीव आहे. मार्च २०११ मध्ये भूकंप झाला तेव्हा मी पुण्यात इंजिनियरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होते. ऐकीव माहिती ऐकीव म्हणून सांगावी, ही मला लागलेली सवय आहे.

त्या दुपारी लिफ्ट बंद पडली. सुचेताताई जिन्याने खाली जाण्याऐवजी दोन मजले वर गेल्या, कारण वर एक एकटी बाई राहते एवढं त्यांना माहीत होतं. दार उघडंच होतं. आत सुगावारा-सान आपल्या लाकडी कपाटाला पाठ लावून उभ्या. वय शहात्तर. यजमानांनी हाताने केलेलं ते कपाट पडू नये म्हणून त्या चाळीस मिनिटं तशाच उभ्या होत्या.

सुचेताताई म्हणाल्या, "मी धरते, तुम्ही बसा."

सुगावारा-सान म्हणाल्या, "मग तुमचं कपाट कोण धरतंय?"

सुचेताताई म्हणाल्या, "ते पडलं."

विद्याताई, हे तुम्ही ओगाता-सानना सांगितलंत असं दिसतंय. ते हसताहेत.

त्या दिवसापासून नववा आणि अकरावा मजला हे एकच घर झालं. २०१५ मध्ये सुगावारा-सानना डायलिसिस सुरू झालं. सोमवार, बुधवार, शुक्रवार, सकाळी नऊला. दवाखाना तीन पूर्णांक सहा किलोमीटरवर. बाळासाहेब, हा आकडा टाळता येण्यासारखा नाही. दवाखान्याच्या स्वतःच्या गाडीत चाकाची खुर्ची चढत नव्हती. टॅक्सीला त्या काळी एका बाजूचे बाराशे सत्तर येन पडत, म्हणजे महिन्याला तेहेतीस हजार. वॉर्ड देतो ती टॅक्सीची कुपनं महिन्याच्या पहिल्या आठवड्यात संपत. आणि पैसे असले तरी सकाळच्या गर्दीत टॅक्सी मिळेलच असं नव्हतं.

त्यांचा मुलगा मोरिओकाला असतो. चांगला माणूस आहे. त्याने तिथे एक वृद्धाश्रम पाहून ठेवला होता. दवाखाना त्याच इमारतीत, खोली मात्र एकच, आणि कपाट नेता येणार नव्हतं. त्याने आईला मुदत दिली: मार्च २०१७ पर्यंत जाण्यायेण्याची पक्की सोय झाली तर इथे राहा, नाहीतर माझ्याकडे चल. सुगावारा-सानना जायचं नव्हतं. त्यांनी तसं मुलाला सांगितलं नाही. सुचेताताईंना सांगितलं.

आमच्या भागात 'हिदामारी' नावाची एक संस्था आहे. हिदामारी म्हणजे हिवाळ्यात ऊन पडतं तो कोपरा. संस्थेकडे सात गाड्या आणि बारा स्वयंसेवक चालक तयार होते. त्यांतले तीन आपल्या मंडळाचे: धीरज, सौमित्र आणि हेमचंद्रकाका. हवा होता तो समितीचा होकार. सुचेताताई समितीवर होत्या, मी तेव्हा पीएच.डी. संपवत होते. एका संध्याकाळी माझ्या दाराची बेल वाजली.

इथे एक गोष्ट नोंदवून ठेवते, पुढे लागेल. या इमारतीत मी पाच वर्षं राहते. सुचेताताईंनी माझ्या दाराची बेल किती वेळा वाजवली, ते मी मोजलेलं नाही. डबा घेऊन, ताप आहे का पाहायला, किंवा नुसत्याच. त्यांची बेल मी स्वतःहून एकदाही वाजवलेली नाही. बोलावल्यावर गेले, तेही वेळेवर. पण न बोलावता कुणाच्या दारात उभं राहणं माझ्या स्वभावात नाही.

तर त्या संध्याकाळी सुचेताताई म्हणाल्या, "कश्मिरा, तुझे ते आकडे जरा कामाला लाव."

मी लावले. नोव्हेंबर २०१६ च्या सभेसाठी मी चौदा पानांचा अहवाल तयार केला. एका फेरीचं भाडं सहाशे येन सुचवलं. हिदामारीमुळे टॅक्सीवाल्यांच्या फेऱ्या किती कमी होतील, तर हजारात तीन. आणि नवव्या पानावर एक तक्ता होता. सकाळी सात ते नऊ या वेळात आमच्या वसाहतीतून टॅक्सीसाठी केलेल्या दर पाच फोनपैकी दोनांना गाडी मिळत नाही, असं त्यात दिसत होतं. दोन महिने मी आणि वसाहतीतल्या सहा आजीबाईंनी त्याची नोंद ठेवली होती. तो तक्ता मला फार आवडला होता. अजूनही आवडतो.

सभेत मी तो पडद्यावर दाखवला. समोर ओगाता-सान बसले होते, टॅक्सीमालकांचे प्रतिनिधी म्हणून. एकतीस वर्षं स्वतः टॅक्सी चालवून आता चाळीस गाड्यांची कंपनी चालवणारे. त्यांनी तक्ता पाहिला. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग एकच शब्द बोलले: "मुझुकाशिई." म्हणजे अवघड आहे. इथे राहिलेल्या कुणालाही मी सांगायला नको की अवघड आहे म्हणजे नाही. त्यानंतर बाकीचे सातही जण कागदांकडे पाहू लागले. अध्यक्षांनी विषय फेब्रुवारीच्या सभेवर ढकलला. पंचावन्न मिनिटं चर्चा झाली होती.

सायकली काढताना मी म्हटलं, "ताई, माझा एकही आकडा चुकलेला नव्हता."

त्या म्हणाल्या, "तेच तर. चुकला असता तर त्यांना काहीतरी बोलायला तरी मिळालं असतं."

मी कुलुपाची किल्ली शोधू लागले.

"अगं, तू लग्नाची पत्रिका पोस्टाने टाकलीस," त्या म्हणाल्या. "नवऱ्यामुलाच्या मामाला! अक्षत घेऊन घरी कोण जाणार? आणि वर भर मांडवात त्याला सांगितलंस की तुमच्या पंगतीत पाचातली दोन माणसं उपाशी उठतात."

आता आपल्यापैकी जे इथल्या कंपन्यांत काम करतात, त्यांना नेमावाशी हा शब्द रोज भेटतो. झाड हलवण्याआधी मुळांभोवतीची माती हळूहळू मोकळी करणं, म्हणजेच सभेआधी एकेकाला भेटून बोलून घेणं. जपानी भाषेच्या परीक्षेत मी या शब्दाचा वाक्यात उपयोग करून पूर्ण गुण मिळवले होते. प्रत्यक्षात मात्र मला वाटायचं, हा वेळेचा अपव्यय आहे. आकडे बरोबर असतील तर माणसांना आधी भेटायचं कशासाठी? आणि अक्षतीबद्दल तर मी कधी विचारच केला नव्हता. लहानपणी आईबरोबर तांदळाची वाटी धरून गल्लीत फिरले होते तेवढंच. आई प्रत्येक दारात तेच वाक्य बोलायची, आणि मला वाटायचं, हे फोनवर का सांगत नाही?

सुचेताताईंनी मला नऊ नावांच्या यादीवर बोट ठेवून दाखवलं. "यातलं एक माझं. उरली आठ. आठ दारं करायची."

आम्ही आठ दारं केली. डिसेंबर आणि जानेवारी. वॉर्डाचं ऑफिस, प्राध्यापकांची खोली, चालक संघटनेच्या कचेरीतला जिना. प्रत्येक ठिकाणी सुचेताताई नारळाच्या वड्या न्यायच्या, डिपार्टमेंट स्टोअरच्या कागदात गुंडाळून. मी अहवालाच्या प्रती न्यायचे. वड्या सगळीकडे उघडल्या गेल्या.

आठवं दार ओगाता-सानचं. कालव्याकाठी त्यांचं ऑफिस आहे. बाहेर गाड्या धुतल्या जात होत्या. त्यांनी आम्हाला चहा दिला, एक वडी खाल्ली, "फार गोड आहे" म्हणाले आणि आणखी दोन खाल्ल्या. मी तयारीत होते. ते हजारात तीनवर आक्षेप घेतील असं मी धरून चालले होते, आणि माझ्याकडे उत्तर होतं.

त्यांनी त्याबद्दल काही विचारलंच नाही. ते म्हणाले, "माझ्या चालकाला व्यावसायिक परवाना काढायला दोन लाख येनच्या वर लागतात. परीक्षा, डोळे तपासणं, दर सकाळी दारूची तपासणी, सक्तीची विश्रांती. या सगळ्याचं मिळून ते भाडं होतं. तुमचे लोक शिबिरात बसून प्रमाणपत्र घेतात आणि निम्म्या पैशांत माणूस नेतात. ठीक आहे, न्या. पण उद्या लोकांना वाटेल, हे काम मुळात निम्म्याच किमतीचं आहे. मग माझ्या चालकाची किंमत काय राहिली?"

या प्रश्नाचं उत्तर माझ्या चौदा पानांत नव्हतं. प्रश्नच नव्हता.

मी बोलणार होते. टेबलाखाली सुचेताताईंनी माझ्या पायावर पाय ठेवला. नुसता ठेवला नाही, दाबला. मग त्यांनी विचारलं, "तुमचं काय म्हणणं आहे ओगाता-सान? कसं केलं तर किमतीतला हा फरक दिसणार नाही?"

ओगाता-साननी आमच्या कपांत आणखी चहा ओतला. मग म्हणाले, "दिसणार नाही असं नको. दिसू दे."

त्यांच्या सूचना अशा होत्या. हिदामारीच्या प्रत्येक पावतीवर दोन आकडे छापायचे: याच अंतराला टॅक्सीचं भाडं किती, आणि आम्ही किती घेतो. प्रवाशाला दर वेळी कळेल की पूर्ण कामाची पूर्ण किंमत काय आहे. ज्यांना टॅक्सी परवडते, त्यांचा पहिला फोन टॅक्सीला जाईल. ती नसेल तर हिदामारी. स्वयंसेवकांना गाडी चालवायला त्यांचे निवृत्त चालक शिकवतील. आणि भाडं सहाशे नको. टॅक्सीचे दर त्याच महिन्याअखेर बदलणार होते, तेवढ्याच अंतराला बाराशे नव्वद होणार होते. "निम्मं म्हणता, तर निम्मं असू दे," ते म्हणाले. "सहाशे पन्नास."

घरी येताना मी हिशेब केला. सुगावारा-सानना प्रत्येक फेरीला पन्नास येन जास्त पडणार होते. आम्ही त्यांना ते सांगायला अकराव्या मजल्यावर गेलो. त्या म्हणाल्या, "पन्नास येनमध्ये टॅक्सीवाल्याचा मान राहत असेल, तर स्वस्त आहे."

ही भेट गुरुवारची, बारा जानेवारीची. त्यानंतरच्या सोमवारी, सोळा तारखेला, सकाळी सात वाजता सुगावारा-सानच्या दवाखान्यासाठी टॅक्सीला फोन केला. गाडी नव्हती. साडेसातला केला. नव्हती. पावणेआठला सुचेताताई आणि हेमचंद्रकाकांनी सुगावारा-सानच्या अंगावर दोन रजया टाकल्या, चाकाची खुर्ची लिफ्टमधून खाली आणली आणि चालायला सुरुवात केली. तीन पूर्णांक सहा किलोमीटर, वाटेत कालव्यावरचे पूल. समोरून वारा. पोचायला सव्वानऊ झाले, कारण काकांना मध्ये दोनदा थांबावं लागलं.

अकरा वाजता मला सुचेताताईंचा निरोप आला: "पोचलो. पुलाचा चढ ह्यांना जड गेला. तू हे आकड्यात धरू नकोस."

मी तडक फोन केला. हा पुरावा होता. एका माणसाचा, तारीखवार. समितीपुढे याहून जास्त काय लागतं? सुचेताताई म्हणाल्या, "नाही. तो फोन ओगाता-सानच्या कंपनीत गेला होता. आपण त्यांच्या घरचा चहा प्यायलोय."

"पण ताई, मुदत मार्चपर्यंत आहे. होकार नाही मिळाला तर त्या जातील."

"माहीत आहे मला," त्या म्हणाल्या. "माझ्या दोन मजले वर राहतात त्या."

मी तो आकडा धरला नाही. खरं सांगायचं तर मला ते पटलं नव्हतं. मी फक्त ऐकलं.

तेवीस फेब्रुवारीची सभा. आमचा विषय चौथा होता. अध्यक्षांनी विचारलं, कुणाला काही बोलायचं आहे का. ओगाता-सान उभे राहिले. मला वाटलं, पुन्हा मुझुकाशिई. त्यांनी खिशातून एक घडी केलेला कागद काढला. त्यांच्याच कंपनीच्या फोनच्या नोंदींचा. ते म्हणाले, "सोळा जानेवारीला सकाळी सात वाजता आणि साडेसात वाजता या वसाहतीतून डायलिसिसच्या रुग्णासाठी फोन आला होता. आमच्या कंपनीला गाडी पाठवता आली नाही. ही गोष्ट इतिवृत्तात नोंदवली जावी. आणि या गाड्यांची गरज आहे, असं माझं मत आहे."

आणि ते खाली बसले.

आम्ही त्यांना सांगितलं नव्हतं. त्यांनी स्वतः शोधलं होतं. सुचेताताई तेव्हा टेबलावरच्या पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडत होत्या, ते त्यांना बराच वेळ उघडता आलं नाही.

ठराव अकरा मिनिटांत मंजूर झाला. मी घड्याळ लावलं होतं.

दोन वर्षं झाली. हिदामारीच्या चार हजार एकशे अठरा फेऱ्या झाल्या. अपघात एकही नाही. एक आरसा मोडला, तो पार्किंगमध्ये, आणि तो कुणी मोडला हे सगळ्यांना माहीत आहे, धीरज. सकाळच्या वेळी टॅक्सी न मिळण्याचं प्रमाणही कमी झालं, कारण ओगाता-सान आता सातला दोन गाड्या आमच्या वसाहतीजवळ उभ्या ठेवतात. हे माझ्या कुठल्याच गणितात नव्हतं. सुगावारा-सान अजून अकराव्या मजल्यावर आहेत, आणि कपाटही. आज त्या इथे हिदामारीच्या गाडीतूनच आल्या. मी त्यांना म्हटलं, आज समारंभ आहे, पैसे राहू द्या. त्यांनी ऐकलं नाही. पावती घेतली. दोन्ही आकडे वाचून पाहिले आणि मगच पर्समध्ये ठेवली.

बाळासाहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. माझी सात मिनिटं केव्हाच संपली आहेत, हे मला माहीत आहे. पण एक काम राहिलं आहे, आणि ते इथेच करायचं आहे.

हिदामारीच्या नोंदणीची मुदत येत्या मेमध्ये संपते. नूतनीकरणासाठी समितीचा होकार पुन्हा लागतो, आणि ती सभा या गुरुवारी आहे. सुचेताताईंचं विमान मंगळवारी आहे. या वेळी निवेदन मी करणार आहे. समितीत काही चेहरे नवे आहेत. चालक संघटनेचे नवे प्रतिनिधी साशंक आहेत, आणि त्यांच्या शंका रास्त आहेत.

सुचेताताई, परवा जिन्यात तुम्ही मला विचारलंत, "अहवाल झाला का गं?" मी म्हटलं, झाला. पाच पानांचा आहे. तुम्ही पुढे काही विचारलं नाहीत. तुम्हाला विचारायचं होतं, हे मला दिसलं.

तर त्याचं उत्तर आज देते. गेल्या तीन आठवड्यांत मी आठ दारं केली. एकटीने. नारळाच्या वड्या मला जमल्या नाहीत. पहिला घाणा पाकात वाया गेला, दुसरा भुसभुशीत झाला, तो मी तसाच नेला. संघटनेच्या नव्या प्रतिनिधींकडे चाळीस मिनिटं बसले, त्यांतली तेहेतीस ते बोलत होते. माझ्या पायावर पाय ठेवायला कुणी नव्हतं, म्हणून मी माझाच एक पाय दुसऱ्यावर ठेवला. निघताना त्यांनी विचारलं, "पावतीवर दोन आकडे छापायची कल्पना कुणाची?" मी म्हटलं, "ओगाता-सानची." ते म्हणाले, "मग ठीक आहे." आता ठीक आहे म्हणजे होकार का, हे मी गुरुवारपर्यंत सांगू शकत नाही. पण ते मला खाली रस्त्यापर्यंत सोडायला आले. आठवं दार ओगाता-सानचं होतं. आजच्या समारंभाचं बोलावणंही मी त्यांना तिथेच केलं, समक्ष.

आठ झाली. पण समितीत नऊ सदस्य आहेत. एकतीस मार्चपर्यंत नववं नाव अजून तुमचं आहे, सुचेताताई. ते दार मी अजून केलेलं नाही. पाच वर्षांत केलं नाही.

काल संध्याकाळी मी नवव्या मजल्यावर येऊन तुमच्या दारापाशी उभी राहिले होते. आत खोकी बांधण्याचा आवाज येत होता. काका म्हणत होते, "हा तवा न्यायचा की ठेवायचा?" मी बेल वाजवली नाही. परत खाली गेले. म्हणून हे आज, सगळ्यांसमोर.

ही वाटी. यात तांदूळ आहेत, कुंकू लावलेले. काका, तुम्ही जरा सरकता का?

सुचेताताई, येत्या गुरुवारी सकाळी दहा वाजता वॉर्डाच्या ऑफिसात, पाचव्या मजल्यावर, हिदामारीची सभा आहे. भाडं सहाशे पन्नास येनच ठेवावं असा प्रस्ताव आहे. अगत्य यावं. तुम्ही त्या वेळी पुण्यात असाल, हे मला माहीत आहे. पण बोलावणं समक्ष करायचं असतं, असं मला एका बाईंनी शिकवलं आहे. तुमची या प्रस्तावाला संमती आहे का?

मान हलवलीत. मी नोंद करून घेते. नऊपैकी नऊ दारं झाली.

विद्याताई, हे भाषांतर करायची गरज नव्हती. सुगावारा-साननाही कळलंय असं दिसतंय.

मंडळाने मला इथे उभं राहण्याची संधी दिली, त्याबद्दल मी मंडळाची आभारी आहे. हेमचंद्रकाकांची आभारी आहे, पुलावरच्या चढासाठी. ओगाता-सानची आभारी आहे, त्या घडी केलेल्या कागदासाठी. सुगावारा-सान, तुमचीही, कारण तुम्ही कुठेही गेला नाहीत. आपण सर्वांनी शांतपणे ऐकलंत, त्याबद्दल आपले मनापासून आभार. आकडे टाळण्याचा शब्द मी पाळू शकले नाही, वेळेचं भान राहिलं नाही, आणि शेवटी आवाजही थोडा हलला असावा. या तिन्ही चुका माझ्या खात्यावर मांडून आपण मोठ्या मनाने मला क्षमा करावी, ही विनंती.

वाटी तुमच्याकडेच असू द्या, ताई. परत घ्यायला मी पुण्याला येईन. बेल मी वाजवीन.

धन्यवाद.